शाळेतली समुपदेशन सेवा: करोनानंतर काय बदललं आणि कुठे अडतं

शाळेच्या माहितीपत्रकात ‘पूर्णवेळ समुपदेशक’ ही ओळ आता स्मार्ट बोर्ड आणि सीसीटीव्हीच्या रांगेत छापलेली असते. बोर्ड चालू करून दाखवता येतो, कॅमेरे मोजता येतात. समुपदेशकाचं काम बंद दाराआड चालतं आणि ते तसंच चालायला हवं, त्यामुळे या सेवेचा दर्जा जोखायला पालकाच्या हाती फारसं काही नसतं. पुढचं परीक्षण कुठल्या एका शाळेचं नाही. महाराष्ट्रातल्या शाळांत ही सेवा आज कशी मिळते, करोनाने तिच्यात नेमकं काय हलवलं आणि ती कुठे अडकून पडते, याचं आहे. मागे उभ्या असलेल्या सरकारी फोनसेवाही यात तपासल्या आहेत.

निकाल आधीच सांगून टाकतो. २०२० ते २०२२ या काळात समुपदेशकांची स्वतःच्या कामाबद्दलची समज पार बदलली. शाळांनी त्यांच्या हातात दिलेलं वेळापत्रक मात्र जवळपास तेच राहिलं. एखाद्या शाळेतली सेवा खरी आहे की नावापुरती, हे या दोहोंत किती अंतर आहे त्यावर ठरतं. खोलीतल्या बीनबॅगा आणि भिंतीवरची पोस्टरं बघून काहीही कळत नाही.

आधीचा साचा

मार्च २०२०पर्यंत काम साधारण असं चालायचं. वर्गशिक्षिका चिठ्ठी पाठवते: ‘वर्गात लक्ष नसतं’, ‘मारामारी करतो’, ‘वह्या अपूर्ण’. मूल खोलीत येतं, तीन-चार वेळा बोलणं होतं, मग आईवडिलांना बोलावणं जातं. अध्ययन अक्षमतेची शंका असेल तर तपासणीसाठी मुंबईत शीव किंवा नायरसारख्या रुग्णालयाचा रस्ता दाखवायचा, कारण दहावीला जादा वेळ किंवा लेखनिक हवा असेल तर मंडळाला प्रमाणपत्र लागतं. नववी-दहावीला कलचाचणी. फेब्रुवारीत परीक्षेच्या ताणावर सभागृहात एक व्याख्यान. आणि एखादे सर रजेवर असले की त्यांचा ऑफ तास काउन्सेलर मॅडमच्या गळ्यात.

अडचण मुलात आहे आणि ती खोलीत बसून दुरुस्त होईल, असं या साच्यात धरलेलं होतं. समुपदेशकांपैकी अनेकांनाही ते तेव्हा फारसं खटकत नव्हतं, कारण त्यांचं प्रशिक्षणच समोरासमोरच्या, एकास एक बोलण्याचं होतं.

साचा मुळातच तोकडा होता, हे कागदावर मांडलं की लगेच दिसतं. आठवी ते बारावीची १,५०० मुलं आणि एक समुपदेशक अशी शाळा घ्या. आठवड्याला ३५ मिनिटांच्या ३० तासिका हाताशी आहेत असं धरू, म्हणजे ऑफ तास अजिबात नाहीत. त्यातल्या १० वर्गातल्या जीवनकौशल्यांच्या तासांना जातात, ६ पालक आणि शिक्षकांच्या भेटींना, ४ नोंदी आणि फोनाफोनीला. उरल्या १०. परीक्षा, गणपती, दिवाळी, स्नेहसंमेलन वजा करता वर्षाचे कामाचे आठवडे ३०. वैयक्तिक भेटींच्या जागा झाल्या ३००. एका मुलाला सहा भेटी लागतात असं धरलं, तर वर्षभरात ५० मुलं. आता दुसरी बाजू. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने १३ ते १७ वयोगटात मानसिक आजारांचं प्रमाण ७.३ टक्के सांगितलं होतं. १,५०० मुलांना तो हिशेब लावला तर साधारण ११० मुलं. म्हणजे करोना यायच्या आधीही गरजूंपैकी निम्मीसुद्धा त्या खोलीत मावत नव्हती. आईवडिलांच्या भांडणाने हैराण झालेली किंवा मैत्रिणींनी वाळीत टाकलेली मुलं, ज्यांना आजार म्हणून नाव देता येत नाही, ती यात धरलेलीच नाहीत.

अमेरिकेतली शालेय समुपदेशकांची संघटना एका समुपदेशकामागे २५० विद्यार्थी असावेत, असं सांगते. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, आणि त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावं, असं म्हटलं. यातल्या ‘किमान एक’ या दोन शब्दांवर नजर ठेवा. १०१ मुलांना एक आणि ३,००० मुलांनाही एकच, या दोन्ही शाळा निदान या अटीपुरता कागदावर नियम पाळतात.

खोली गेली, फोन आला

मार्च २०२०च्या मध्याला राज्यातल्या शाळा बंद झाल्या. पहिली ते चौथीची मुलं तर बहुतेक ठिकाणी डिसेंबर २०२१पर्यंत वर्गात बसली नाहीत. समुपदेशकांकडे तेव्हा खोली नव्हती, चिठ्ठ्या नव्हत्या, आणि ऑनलाइन समुपदेशनाचं प्रशिक्षण तर बहुतेकांना नव्हतंच. उलट कामाचे प्रकार वाढले: ऑनलाइन वर्गाला न येणाऱ्या मुलांच्या घरी फोन, फी थकलेल्या पालकांशी बोलणं, शिधा कुठे मिळेल ते सांगणं, घरात मृत्यू झालेल्या मुलाशी पहिला संवाद. दोन्ही पालक गमावलेल्या मुलांसाठी केंद्राची १० लाखांची आणि राज्याची ५ लाखांची मदत जाहीर झाली, तेव्हा कुठला दाखला कुठे मिळतो आणि अर्ज महिला व बालविकास कार्यालयात कसा जातो, ही माहितीही काही समुपदेशकांना गोळा करावी लागली. पुस्तकात याला समुपदेशन म्हणत नाहीत. पण ज्या घरात चूल पेटायची पंचाईत आहे, तिथल्या मुलीला दीर्घ श्वसन शिकवून काय साधणार, हा प्रश्न त्या दीड-दोन वर्षांत टाळता येण्यासारखा राहिला नाही.

भूमिका बदलली ती इथे. मुलाच्या वागण्याचं मूळ घराच्या आर्थिक घडीत, शिक्षकाच्या थकव्यात, शाळेच्या नियमांत असू शकतं, हे आधीही शिकवलं जायचं. आता ते स्क्रीनवर दिसू लागलं. एका खोलीत सहा माणसं, मागे टीव्ही, कॅमेरा बंद ठेवण्यासाठी धडपडणारा मुलगा. ‘लक्ष नसतं’ या चिठ्ठीचा अर्थ तिथे उलगडायचा.

फोनवरचं काम नीट करणाऱ्यांनी त्या काळात जी पद्धत बसवली, ती आजही चांगल्या सेवेची खूण आहे. भेटीच्या आधी पालकांची लेखी संमती आणि मुलाची स्वतःची तयारी, दोन्ही घ्यायच्या. सुरुवातीलाच मूल आत्ता कुठे आहे ते विचारायचं आणि घरातल्या एका मोठ्या माणसाचा दुसरा नंबर जवळ ठेवायचा. फोन मध्येच तुटला आणि मूल धोक्यात असलं तर पहिल्या मिनिटाला हाच नंबर लागतो. खोलीत आणखी कोण आहे ते विचारायचं. एक साधा सांकेतिक शब्द ठरवायचा, उदाहरणार्थ ‘गणिताचा गृहपाठ’, म्हणजे कोणी जवळ आलं तर मूल तो शब्द उच्चारतं आणि विषय बदलतो. इअरफोन लावायचा, आणि शक्य तिथे प्रश्न असे विचारायचे की मुलाला हो-नाहीत उत्तर देता यावं, म्हणजे शेजारी बसलेल्या आईला अर्धाच संवाद ऐकू जातो. वेळ २५ ते ३० मिनिटं. लहान मुलांसाठी १५ पुरतात. रेकॉर्डिंग बंद आहे ना, हे तपासायचं, कारण शाळेच्या खात्यावरून घेतलेल्या बैठका आपोआप साठवल्या जाण्याची सोय काही ठिकाणी चालू असते.

बिघडायचं ते व्हॉट्सअ‍ॅपवर. समुपदेशकांनी स्वतःचे नंबर दिले आणि रात्री साडेअकराला ‘मॅडम, जगावंसं वाटत नाही’ असा निरोप येऊ लागला. निरोप सकाळी वाचला गेला तर? या भीतीने बऱ्याच जणांनी फोन उशाशी ठेवून झोपायला सुरुवात केली, आणि वर्षभरात स्वतःच आजारी पडायच्या बेताला आले. यातून सुटायची रीत सोपी आहे, ती पाळणं अवघड. कामासाठी वेगळं सिम. त्याच्या प्रोफाइलवर वेळ लिहिलेली. वेळेबाहेर आलेल्या निरोपाला आपोआप जाणारं उत्तर, ज्यात २४ तास चालणारा नंबर दिलेला. आणि ही व्यवस्था मुलाला पहिल्याच भेटीत समजावून सांगितलेली. तुमच्या शाळेत काउन्सेलर मॅडम ‘कधीही फोन करा’ म्हणत असतील तर ते प्रेमळ वाटतं, पण सेवा म्हणून ते कच्चं आहे. ‘कधीही’ हा शब्द कोणालाच पाळता येत नाही, आणि तो मोडतो नेमका अडचणीच्या रात्री.

दूरस्थ समुपदेशनाबद्दल आमचं मत: पाठपुराव्याला उत्तम, पहिल्या भेटीला मध्यम, दहा वर्षांखालच्या मुलांना कुचकामी. लहान मूल बोलत नाही, खेळतं. आणि खेळ मोबाइलच्या चौकटीत मावत नाही. घरातच त्रास होत असेल, तर घरातून फोनवर बोलायला लावणं धोक्याचंही ठरतं.

शाळा उघडल्यावर

शाळा पुन्हा भरल्या तेव्हा सगळ्यांचं लक्ष अभ्यासाच्या नुकसानीकडे होतं. समुपदेशकांच्या दारात वेगळीच गर्दी झाली. २०२०मध्ये पहिलीत गेलेलं मूल थेट दुसरीच्या बाकावर येऊन बसलं होतं. रांग, डबा वाटून खाणं, हात वर करून बोलणं, ३५ मिनिटं एका जागी बसणं यातलं काहीच त्याच्या अंगवळणी नव्हतं. दहावीच्या मुलांना तीन तास हाताने लिहायची सवय राहिली नव्हती. एनसीईआरटी या केंद्राच्या शैक्षणिक संशोधन संस्थेने जानेवारी ते मार्च २०२२मध्ये सहावी ते बारावीच्या ३,७९,८४२ विद्यार्थ्यांची मतं घेतली. त्यात चिंतेचं कारण म्हणून ५० टक्के मुलांनी अभ्यास आणि ३१ टक्के मुलांनी परीक्षा व निकाल सांगितले. म्हणजे शाळाच घाबरवते आहे. ही गोष्ट समुपदेशकाच्या खोलीत बसून सुटणार नाही, हे उघड आहे.

शाळेत यायलाच नकार देणाऱ्या मुलांचा प्रश्न तेव्हा वाढला आणि तो अजून गेलेला नाही. यावर कसं काम होतं ते सविस्तर सांगतो, कारण चांगली सेवा आणि वाईट सेवा इथे सर्वांत लवकर ओळखू येते.

सकाळी पोट दुखतं, उलटी होते, दहा वाजता सगळं शांत. रविवारी काहीच नाही. आधी बालरोगतज्ज्ञांकडून शारीरिक कारण नाही ना, ते बघून घ्यायचं. मग कारण शोधायचं: आईपासून दूर जायची भीती, एखाद्या शिक्षकाची किंवा रिक्षातल्या मोठ्या मुलाची भीती, वाचता न येण्याची लाज, की घरी मोबाइल मिळतो म्हणून. चारही कारणांचे उपाय वेगळे. त्यानंतर पायऱ्या ठरवायच्या. पहिले दोन दिवस फक्त फाटकापर्यंत येऊन परत. पुढचे दोन-तीन दिवस आत येऊन ग्रंथालयात दोन तासिका. मग आवडत्या विषयाचा एक तास वर्गात, मग मधल्या सुट्टीपर्यंत, मग पूर्ण दिवस. साधारण दोन ते चार आठवडे लागतात. प्रत्येक पायरीवर थोडी भीती वाटणारच. ती उतरेपर्यंत तिथे थांबायचं आणि मगच निघायचं. रडू वाढलं की लगेच घरी नेलं, तर ‘रडलं की सुटका होते’ हाच धडा मूल शिकतं आणि दुसऱ्या दिवशी रडणं दुप्पट होतं. ‘आठवडाभर घरी राहू दे, बरं वाटेल’ हा सल्ला म्हणूनच उलटा पडतो: टाळल्याने तेवढ्यापुरतं हायसं वाटतं, आणि ते हायसं वाटणंच टाळण्याला खतपाणी घालतं. दुसरी ठरलेली चूक म्हणजे मूल परत आल्याबद्दल वर्गात टाळ्या वाजवणं. त्याला गुपचूप बाकावर बसू द्यावं, वह्यांचा मागचा डोंगर पुढे करू नये, आणि हे वर्गशिक्षिकेला आदल्या दिवशीच सांगून ठेवावं. जिथे त्रास देणारं कोणी आहे तिथे मात्र पायऱ्या चढवण्याआधी त्या माणसाचा बंदोबस्त करायचा. मुलाला धीट बनवून धोक्याच्या जागी पाठवणं ही सेवा नव्हे.

या सगळ्यात समुपदेशकाचे मुलाशी बोलण्याचे तास थोडेच. जास्त वेळ जातो वर्गशिक्षिका, ग्रंथपाल, रिक्षाकाका, मुख्याध्यापक आणि घर यांना एका सुरात आणण्यात. करोनाआधी बरेच समुपदेशक याला ‘वरकड काम’ म्हणत. आता हेच मुख्य काम आहे, असं म्हणणाऱ्यांची संख्या वाढली आहे, आणि आमच्या मते ते बरोबर आहेत. शाळेचा मात्र आग्रह असतो की अहवालात ‘किती मुलांचं समुपदेशन झालं’ हा आकडा मोठा दिसावा. तो आकडा मोठा करायचा तर प्रत्येक मुलाला दहा मिनिटं द्यायची, की झालं.

शिक्षकांबाबतही दृष्टी बदलली. त्यांनी स्वतः घरातली माणसं गमावली होती, वर सर्वेक्षणाच्या आणि नाक्यावरच्या ड्युट्या केल्या होत्या. अशा माणसाकडे ‘मुलांशी संवेदनशीलतेने वागा’ असं परिपत्रक पाठवून काही होत नाही. काही शाळांनी महिन्यातून एकदा ४५ मिनिटं, सहा ते आठ शिक्षकांचा गट, मुख्याध्यापकांशिवाय, अशी बैठक सुरू केली. विषय एकच: या महिन्यात कुठलं मूल डोक्यातून जात नाही? हा प्रयोग स्वस्त आहे आणि चालतो. तो बंद पडतो तेव्हा कारण एकच असतं, बैठक शाळा सुटल्यावर ठेवली जाते आणि लोकल पकडायची असते.

गुप्तता किती

याबाबत पालक आणि शाळा दोघांचे गैरसमज आहेत. समुपदेशकाने मुलाचं बोलणं जसंच्या तसं पालकांना किंवा मुख्याध्यापकांना सांगायचं नसतं. पण तीन ठिकाणी गुप्तता थांबते, आणि चांगला समुपदेशक ते पहिल्याच भेटीत, मुलाच्या भाषेत सांगून टाकतो: मूल स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचारात असेल तर, दुसऱ्याला इजा करणार असेल तर, आणि त्याच्यावर लैंगिक अत्याचार झाला असेल तर. तिसऱ्यात निवडीला वाव नाही. २०१२च्या पोक्सो (लैंगिक अपराधांपासून बालकांचं संरक्षण) कायद्याच्या कलम १९नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं हा कलम २१खाली गुन्हा आहे. ‘शाळेचं नाव जाईल, आधी आपसात बघू’ असं कोणी म्हणालं, तर म्हणणाराही अडचणीत येतो.

आत्महत्येच्या विचारांबाबत बऱ्याच शाळांची घडी अजून बसलेली नाही. थेट विचारल्याने मुलाच्या डोक्यात विचार शिरतो, ही समजूत चुकीची आहे. शांतपणे, स्पष्ट शब्दांत विचारलेलं मुलाला बहुधा हलकं करतं. त्यानंतरचा क्रम असा: मुलाला एकटं सोडायचं नाही, वर्गातही परत पाठवायचं नाही. पालकांना त्याच दिवशी बोलावून मूल त्यांच्या हाती द्यायचं, फोनवर सांगून रिक्षाने घरी धाडायचं नाही. घरातली औषधं, शेतावरची कीटकनाशकं कुलपात किंवा घराबाहेर ठेवायला सांगायचं. मानसोपचारतज्ज्ञांची वेळ त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी मिळवून द्यायची, भेट झाली की नाही हे फोन करून विचारायचं, आणि मूल शाळेत परतलं की पहिले काही आठवडे रोज दोन मिनिटं भेटायचं. हमखास तुटणारा दुवा म्हणजे ‘भेट झाली का’ हा फोन. चिठ्ठी लिहून दिली की शाळेला काम संपल्यासारखं वाटतं, आणि पालक ‘वेड्यांच्या डॉक्टरकडे’ जायला तयार नसतात. इथे पालकांशी आणखी एक अर्धा तास घालवावा लागतो, आणि नेमका तोच वेळापत्रकात नसतो.

फोनसेवा कशा आहेत

मनोदर्पण ही केंद्राची सेवा २१ जुलै २०२० रोजी, थेट करोनाच्या पोटातून सुरू झाली. नंबर ८४४८४४०६३२, सकाळी ८ ते रात्री ८. अभ्यास, परीक्षा, एकटेपणा यावर बोलायला बरी. सोबत संकेतस्थळ आणि समुपदेशकांची यादीही आहे. मर्यादा उघड आहे: मुलांना रडू रात्री आठनंतर येतं.

टेलिमानस त्याहून उजवी. १४४१६ हा नंबर, चोवीस तास, फुकट, मराठीतही. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. बंगळुरूची निमहान्स ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था तिच्या केंद्रस्थानी आहे. पहिल्या पातळीवर प्रशिक्षित समुपदेशक फोन घेतात, गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञांकडे किंवा जवळच्या रुग्णालयाकडे जोडून देतात. शाळेच्या दृष्टीने ही सेवा रात्रीची आणि सुट्टीची पोकळी भरते. पण मुलाच्या वर्गात काय चाललंय, कुठले सर काय बोलले, हे तिला माहीत असणार नाही. त्यामुळे ती शाळेतल्या माणसाची जागा घेऊ शकत नाही. ‘आम्ही मुलांना १४४१६ दिलाय’ असं सांगून समुपदेशकाचं पद रिकामं ठेवणाऱ्या शाळेला आम्ही शून्य गुण देऊ.

मारहाण, बालविवाह, बालमजुरी, हरवलेलं मूल यासाठी १०९८ ही चाइल्डलाइन. हे समुपदेशनाचं नाही, संरक्षणाचं काम आहे, त्यामुळे १०९८ आणि १४४१६ एकाच पोस्टरवर लावताना कुठला कशासाठी ते लिहा. दहावी-बारावीच्या परीक्षेच्या दिवसांत राज्य मंडळही दरवर्षी फोनवर समुपदेशक उपलब्ध करून देतं.

ग्रामीण भागात, जिथे जिल्हा परिषदेच्या शाळेला स्वतंत्र समुपदेशक मिळणं दूरच, तिथे एक सोय दुर्लक्षित राहते: ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांतली किशोरवयीनांसाठीची मैत्री क्लिनिकं. समुपदेशन मोफत. अडचण अशी की दवाखान्याची वेळ आणि शाळेची वेळ एकच, आणि क्लिनिक पाळीच्या किंवा त्वचेच्या तक्रारींपुरतं आहे असा समज. मुख्याध्यापकांनी तिथल्या समुपदेशकाला महिन्यातून एकदा शाळेत बोलावलं, तर दोन्ही अडचणी सुटतात.

प्रवेश घेताना काय बघावं

खाजगीत एका भेटीला मुंबई-पुण्यात साधारण हजार ते अडीच हजार रुपये लागतात, त्यामुळे शाळेच्या फीमध्ये ही सेवा खरोखर मिळत असेल तर ती मोलाची आहे. पण ‘काउन्सेलर आहेत का?’ असं विचारू नका, उत्तर ‘हो’च येणार. त्यांच्या वेळापत्रकाची छापील प्रत बघायला मागा. आठवड्यात ऑफ तासाचे रकाने दिसले, परीक्षा विभागाचं काम दिसलं, प्रवेशाच्या मुलाखती दिसल्या, की समजा. खोली कुठे आहे ते बघा. मुख्याध्यापकांच्या केबिनमधून वाट असेल तर तिथे कोणी जाणार नाही. मुलाला स्वतःहून वेळ घेता येते का, की शिक्षकाच्या चिठ्ठीशिवाय दार उघडत नाही? चिठ्ठीनेच येणारी मुलं बहुतेक दंगा करणारी असतात. गप्प बसून खंगणारी कोणाच्या चिठ्ठीत येत नाहीत, आणि त्यात मुली जास्त.

पात्रतेबद्दल थोडक्यात. मानसशास्त्रात एम.ए. आणि समुपदेशनाचा किमान एक वर्षाचा, प्रत्यक्ष सरावासह अभ्यासक्रम, एवढं असावं. आजाराचं निदान शाळेतल्या समुपदेशकाने करायचं नसतं. ते मानसोपचारतज्ज्ञांचं किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञांचं काम. दोन भेटींत ‘याला एडीएचडी (अतिचंचलता आणि लक्ष न टिकण्याचा विकार) आहे’ असं कागदावर मिळालं, तर दुसरीकडे विचारा. आणि एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही: तुमच्या समुपदेशकांना स्वतःच्या केसेसबद्दल बोलायला बाहेरचा अनुभवी तज्ज्ञ आहे का? महिन्याला दोन तासांचं असं मार्गदर्शन शाळेने पैसे देऊन ठेवलं असेल, तर त्या शाळेला विषय कळला आहे. करोनाच्या काळात समुपदेशकांना सर्वांत जास्त जाणवलेली उणीव हीच होती.

सगळ्यात मोठी त्रुटी शेवटी सांगतो, कारण ती करारात लपलेली असते. अनेक शाळा समुपदेशकाला जून ते एप्रिल अशा कंत्राटावर नेमतात, म्हणजे मेचा पगार वाचतो. निकाल मात्र अलीकडे मे महिन्यातच लागू लागलेत. २०२५मध्ये राज्य मंडळाचा बारावीचा ५ मेला आणि दहावीचा १३ मेला लागला. वर्षातला सर्वांत नाजूक आठवडा नेमका असा, की शाळा बंद, खोलीला कुलूप, मॅडमचं कंत्राट संपलेलं आणि जूनमध्ये त्याच येतील की दुसऱ्या कोणी, हे ठरलेलं नाही. प्रवेशाच्या वेळी कार्यालयात एवढं विचारून घ्या: निकालाच्या दिवशी दुपारी एकनंतर फोन कोण उचलणार, आणि नापास झालेल्या मुलांच्या घरी शाळेतून फोन कोण करणार? माणसाचं नाव सांगता आलं तर सेवा आहे. ‘हेल्पलाइन आहे ना’ असं उत्तर आलं, तर १४४१६ तुम्हाला त्या शाळेशिवायही मिळतो.